मोमियाईची अफवा, मुंबई १८९६: इतिहासाच्या वर्गासाठी एक प्रकरण अभ्यास

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईतील आर्थर रोड रुग्णालयावर सुमारे एक हजार गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. हे महापालिकेचे संसर्गजन्य रोगांचे रुग्णालय होते आणि आज ते कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाते. शहरात प्लेग सुरू होऊन महिना उलटला होता. रुग्णालयात नेलेल्या माणसांना उलटे टांगतात, खाली जाळ करतात आणि त्यांच्या शरीरातून मोमियाई नावाचे औषधी तेल काढतात, अशी एक चिवट अफवा त्या दिवसांत चाळींतून आणि गिरण्यांतून फिरत होती. रुग्णालय हे उपचारांचे नव्हे, तर माणसे मारण्याचे ठिकाण आहे, अशी हजारो लोकांची खात्री झाली होती.

आठवीच्या इतिहासात चापेकर बंधूंनी केलेल्या रँड या पुण्यातील प्लेग अधिकाऱ्याच्या वधाच्या निमित्ताने प्लेगचा उल्लेख येतो, पण बहुतेक वर्गांत तो दोन वाक्यांत संपतो. अफवा, अंधश्रद्धा आणि वस्तुस्थिती यांतला फरक मुलांना शिकवायचा असेल, तर याच दोन वाक्यांच्या मागे असलेला काळ उघडून दाखवावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. अफवा कोणत्या लोकांत पसरली यावरून तिची सत्यासत्यता ठरत नाही. विधान पडताळता येते का आणि पडताळल्यावर ते टिकते का, यावरून ती ठरते. शिवाय पडताळणीची कसोटी गिरणी कामगारांना लावायची असेल, तर तीच डॉक्टरांना, सरकारला आणि आपल्या आदरणीय नेत्यांनाही लावावी लागते. या चारही बाजूंची कागदोपत्री नोंद एकाच घटनामालिकेत मिळावी, असे इतिहासात क्वचित घडते. प्लेगच्या बाबतीत ती मिळते.

प्रथम घटनाक्रम. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी या गोदी आणि धान्याच्या वखारींच्या दाट वस्तीत तापाचे विचित्र रुग्ण दिसू लागले. डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या, मुंबईत व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांनी हा गाठींचा प्लेग असल्याचे ओळखले. पालिकेच्या अधिकाऱ्यांनी सुरुवातीला ‘प्लेग’ हा शब्द शक्य तितका टाळला. बंदराचा व्यापार धोक्यात येईल ही चिंता होती. त्यानंतर धोरण एकदम उलटे फिरले. ६ ऑक्टोबरला पालिका आयुक्त स्नो यांनी १८८८ च्या पालिका कायद्याखाली आदेश काढले आणि रुग्णाला, गरज पडल्यास जबरदस्तीने, रुग्णालयात हलवण्याचे अधिकार अधिकाऱ्यांना मिळाले. तीन आठवड्यांनी रुग्णालयावर हल्ला झाला. दुसऱ्याच दिवशी आयुक्तांनी आदेश सौम्य केले. शहरातील सफाई कामगार घाबरून निघून गेले तर मुंबई राहण्यायोग्यच उरणार नाही, ही भीती त्यामागे प्रामुख्याने होती. तरीही लोक शहर सोडतच राहिले, आणि १८९७ च्या सुरुवातीपर्यंत सुमारे आठ लाखांच्या शहरातून निम्म्याच्या आसपास माणसे बाहेर पडली. कोकणातले चाकरमानी बोटींनी गावी परतले.

वर्गात हे सांगून झाल्यावर लगेच निष्कर्षाकडे वळू नये. त्या काळी लोक जी विधाने करत होते, ती फळ्यावर एकाखाली एक लिहावीत आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न ठेवावा: हे कोणी पाहिले, की कोणी ऐकले, की पाहिलेल्यावरून कोणी ताडले? या प्रकरणाचा खरा अभ्यास येथे आहे, त्यामुळे एक संपूर्ण तासिका येथेच खर्च झाली तरी चालेल.

रुग्णाला घरातून जबरदस्तीने नेतात, हे पहिले विधान. ते खरे आहे, कारण तसा आदेशच निघाला होता आणि त्याची छापील प्रत हा त्याचा पुरावा आहे. रुग्णालयात गेलेला माणूस सहसा परत येत नाही, हे दुसरे. तेही बहुतांशी खरे आहे, पण त्याचे कारण लोकांना वाटत होते ते नव्हते. गाठींच्या प्लेगवर त्या काळी परिणामकारक औषध नव्हते आणि उपचार न मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात. त्यातच, नेतील या भीतीने घरचे लोक रुग्णाला लपवत आणि तो अगदी शेवटच्या अवस्थेत रुग्णालयात पोहोचे, त्यामुळे तेथील मृत्यूंचे प्रमाण आणखी वाढे. म्हणजे भीतीमुळे रुग्ण उशिरा येत होते, उशिरा आल्यामुळे मरत होते, आणि ते मरत होते म्हणून भीती वाढत होती. हे चक्र मुलांना स्वतः शोधू द्यावे. निरीक्षण बरोबर असूनही त्यावरून काढलेले कारण चुकीचे असू शकते, हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके एखाद्या काल्पनिक उदाहरणात दिसणार नाही.

मृतदेहांची चिरफाड करतात, हे तिसरे विधान. शवविच्छेदने खरोखर होत होती. ज्यांच्या धर्मात आणि रूढीत मृतदेहाला परक्याचा हात लागणे हाच मोठा विटाळ किंवा विटंबना होती, त्यांच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हती. चौथे विधान राणीविषयीचे होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी तरी डांबर फासले. पुढे दामोदर चापेकरांनी आपल्या आत्मवृत्तात ते कृत्य आपले असल्याचे लिहिले. या अपमानाबद्दल राणीने रुग्णांची काळिजे मागितली आहेत, अशी अफवा उठली. पुतळ्याची घटना खरी, पण तिच्यावर उभारलेली कथा पूर्णपणे कल्पित. येथे मुलांना कालक्रमाची कसोटी वापरायला लावावी. रोगच या अपमानाच्या सूडापोटी आला असे कोणी म्हटले, तर काय उत्तर द्याल? रोग सप्टेंबरमध्ये आला आणि डांबर ऑक्टोबरमध्ये लागले. कारण परिणामाच्या नंतर येऊ शकत नाही. तारखा पाठ करण्याला मुले कंटाळतात, पण तारखेच्या आधारे एखादी अफवा मोडता येते हे कळल्यावर त्यांना तारखांचे मोल समजते.

शेवटचे विधान मोमियाईचे. ते कोणी पाहिल्याचा पुरावा नाही. मोमियाई या नावाचा औषधी पदार्थ बाजारात जखमांवर आणि मोडलेल्या हाडांवर विकला जाई, आणि तो माणसाच्या शरीरातून काढतात ही कथा प्लेगच्या कितीतरी आधीपासून सांगितली जात होती. मुलांना भीती दाखवण्यासाठीही ती वापरत. नवे रुग्णालय, बंद दारे, आत गेलेली आणि परत न आलेली माणसे, एवढी सामग्री मिळताच ही जुनी कथा नव्या जागी येऊन बसली. अफवा क्वचितच शून्यातून जन्मते. बहुतेक वेळा ती आधीच माहीत असलेल्या गोष्टीला नवा पत्ता देते, आणि ओळखीची असल्यामुळेच ती पटते.

या टप्प्यावर वर्गातून बहुधा एक उत्तर येते: ते लोक अडाणी होते. शिक्षकाने हे उत्तर स्वीकारले तर सगळा पाठ फुकट जातो, कारण मुले स्वतःला अडाणी समजत नाहीत आणि म्हणून अफवा आपल्याला लागू नाहीत असे मानून घरी जातात. त्यावरचा उतारा म्हणजे त्याच वर्षीच्या शिकलेल्या माणसांकडे वळणे. प्लेग दूषित हवा, ओल, घाण आणि तुंबलेली गटारे यांतून पसरतो, असे तेव्हाच्या अनेक डॉक्टरांचे आणि अधिकाऱ्यांचे मत होते. म्हणून गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल सोडले गेले, घरांना चुना फासला गेला, छपरे उघडली गेली, गरिबांचे सामान जाळले गेले. यर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधला होता आणि मेलेले उंदीरही पाहिले होते. १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून उंदरावरील पिसू हा रोग वाहून नेते असे दाखवले, पण तज्ज्ञांनी ते मान्य केले नाही. मान्यता मिळायला १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या प्रयोगांची वाट पाहावी लागली. तेथे गिनीपिगचे पिंजरे जमिनीवर आणि जमिनीपासून उंचावर ठेवून पाहिले; पिसू उडी मारून पोहोचू शकत नव्हती इतक्या उंचीवरचे प्राणी वाचले. हवेतून रोग पसरत असता तर त्याच खोलीतले उंचावरचे प्राणीही मेले असते. हा प्रयोग फळ्यावर चित्र काढून समजावण्याजोगा आहे आणि आठवीच्या मुलाला तो पूर्णपणे कळतो.

याच्या शेजारी आणखी एक गोष्ट ठेवावी. गढवाल आणि कुमाऊँच्या डोंगरी गावांत घरातले उंदीर मरू लागले की गाव सोडून बाहेर राहायला जाण्याची रीत होती, आणि ती इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबईच्या प्लेगच्या कितीतरी आधी नोंदवली होती. महाराष्ट्रातही प्लेगच्या वर्षांत गावेच्या गावे माळावर झोपड्या घालून राहिली. डोंगरातल्या शेतकऱ्याला जंतू माहीत नव्हता, पिसूचा संबंध माहीत नव्हता, तरी त्याचा निर्णय शहरातल्या गटारे धुणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा अधिक बरोबर ठरला, कारण तो वारंवार पाहिलेल्या क्रमावर आधारलेला होता: आधी उंदीर मरतात, मग माणसे. लोकांमध्ये चालत आलेली समजूत म्हणजे अंधश्रद्धाच, असे मुलांना शिकवणे म्हणूनच चूक आहे. मोमियाईची कथा आणि उंदरांचे निरीक्षण या दोन्ही लोकांच्याच तोंडी होत्या. पण त्यांपैकी एक पडताळता येत होती आणि पडताळल्यावर टिकली.

कामगारांना उपचारच नको होते, असाही समज होऊ शकतो. तो दूर करायला पुढच्या दोन वर्षांतील घडामोडी पुरेशा आहेत. सरकारने जाती-जमातींना स्वतःची प्लेग रुग्णालये चालवण्याची मुभा दिल्यावर मुंबईत अशी अनेक रुग्णालये उभी राहिली आणि लोक तेथे गेले. पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय सुरू केले. हडपसरजवळ डॉ. यशवंतराव फुले यांच्या दवाखान्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाईंनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोग तोच होता आणि औषधही तितकेच अपुरे होते. फक्त आत काय चालते हे लोकांना दिसत होते आणि तेथील माणसे त्यांच्या ओळखीची होती. बंद दार आणि जबरदस्ती नसेल तेथे मोमियाईच्या कथेला जागा मिळत नाही.

आता अवघड भाग. तो टाळावा असे काही शिक्षकांना वाटेल. मला मात्र तो या प्रकरणाचा कणा वाटतो. १८९७ मध्ये पुण्यात रँड यांच्या हाताखाली गोऱ्या सैनिकांकडून घरांची झडती सुरू झाली. सैनिक देवघरात आणि स्वयंपाकघरात शिरत, सामान बाहेर काढून जाळत, स्त्रियांची तपासणी करत. त्या वेळी गोपाळ कृष्ण गोखले भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्यातील मित्रांच्या पत्रांच्या आधारे त्यांनी मँचेस्टर गार्डियन या वृत्तपत्रात निवेदन दिले की सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांपैकी एकीने आत्महत्या केली. भारतात परतल्यावर त्यांनी चौकशी केली, पण आरोप सिद्ध करणारा पुरावा देण्यास कोणी पुढे आले नाही. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे त्यांनी उघड केली नाहीत आणि ऑगस्ट १८९७ मध्ये बिनशर्त माफी मागितली. देशातल्या अनेकांनी त्याबद्दल त्यांना दुबळे ठरवले.

या घटनेतून मुलांना दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या पाहिजेत. प्रामाणिक, अभ्यासू आणि आकडेवारीत पारंगत माणूसही विश्वासातल्या माणसाने लिहिले म्हणून ऐकीव गोष्ट सत्य मानू शकतो. आपल्याकडे येणारे बहुतेक खोटे संदेश मामा, काकू किंवा शेजारचे दादा यांच्याकडून येतात, अनोळखी माणसाकडून नव्हे. त्यामुळे पाठवणाऱ्याच्या चांगुलपणावरून संदेशाची खात्री करता येत नाही. दुसरे म्हणजे, आरोप सिद्ध झाला नाही याचा अर्थ सैनिकांचे वर्तन निर्दोष होते असा होत नाही. भीतीने किंवा लाजेने साक्षीदार गप्प राहिले असणे शक्य आहे, आणि झडतीतील जुलमाच्या इतर नोंदी भरपूर आहेत. ‘खोटे ठरले’ आणि ‘सिद्ध झाले नाही’ हे दोन स्वतंत्र कप्पे आहेत. मुले सहसा दुसरा कप्पा ठेवतच नाहीत. सगळे काही खरे किंवा खोटे यांत बसवण्याची त्यांना घाई असते, आणि परीक्षेतील ‘चूक की बरोबर’ हा प्रश्न त्या सवयीला खतपाणी घालतो.

तिसरा प्रसंग लसीचा. जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने टोचून घेतलेल्या कैद्यांत, न टोचलेल्यांच्या तुलनेत रोगी आणि मृत्यू कमी आढळले. आगाखानांनी लोकांसमोर लस घेतली. तरीही सुई हातभर लांब असते, लस घेतल्यावर माणूस तत्काळ मरतो, अशा गोष्टी पसरत राहिल्या. आणि ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावात अफवेला दुजोरा मिळाल्यासारखी घटना घडली: त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले.

हा आकडा सांगून वर्गात थांबावे आणि लस धोकादायक होती का, असे विचारावे. बहुतेक हात ‘हो’ म्हणून वर जातील. मग पुढची माहिती एकेक करून द्यावी. त्या दिवशी पाच बाटल्या वापरल्या होत्या. मेलेले सर्व १९ जण एकाच बाटलीतली, ५३ एन क्रमांकाची लस घेतलेले होते. उरलेल्या ८८ जणांना धनुर्वात झाला नाही. मृत्यूचे कारण प्लेग नव्हते, धनुर्वात होते, आणि त्याचे जंतू मातीत असतात. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो जंतुनाशकात नुसता बुडवून पुन्हा वापरला गेला होता. आता तोच प्रश्न पुन्हा विचारावा. उत्तर लसीकडून बाटलीकडे आणि बाटलीकडून चिमट्याकडे सरकत जाताना पाहणे हा शिक्षकाला फार समाधान देणारा अनुभव आहे. त्याचबरोबर हेही सांगावे की चूक येथे सरकारी चौकशीकडूनही झाली. दोष लस तयार करणाऱ्या परळच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पद सोडावे लागले, आणि रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये जाहीरपणे त्यांची बाजू मांडल्यानंतरच ते दोषमुक्त झाले. सत्य बाहेर यायला पाच वर्षे लागली; मृत्यूची बातमी पंजाबभर पसरायला तेवढा वेळ लागला नव्हता.

हे प्रकरण चालवताना एका मर्यादेचे भान ठेवावे लागते. मोमियाईच्या अफवेविषयीचे आपले ज्ञान प्रामुख्याने इंग्रज अधिकाऱ्यांचे अहवाल आणि तेव्हाची वृत्तपत्रे यांतून आले आहे. रुग्णालयावर चालून गेलेल्या कामगारांनी स्वतः लिहिलेले काही आपल्यासमोर नाही. जमावातील प्रत्येक जण तेल काढतात याच समजुतीने आला होता, असे अहवालावरून म्हणता येत नाही. कोणी आपला भाऊ आत आहे म्हणून आला असेल, कोणी सक्तीच्या रागाने. लोकांना भोळे दाखवण्यात राज्यकर्त्यांचा फायदा होता, कारण त्यामुळे त्यांच्या जुलमाची चर्चा मागे पडत होती. साधनाच्या लेखकाला काय सोयीचे होते, हा प्रश्न पाठ्यपुस्तकातील ‘इतिहासाची साधने’ या भागाशी थेट जोडता येतो.

आजचा दुवा द्यायचा असेल तर १ जुलै २०१८ च्या राईनपाड्याचा द्यावा, पण तो नववीच्या आधी आणि तपशिलात देऊ नये. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातील या गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. त्या उन्हाळ्यात मोबाइलवरून फिरणाऱ्या संदेशांत मुलांना पळवून त्यांचे अवयव काढतात असे सांगितले जात होते. परका माणूस, पळवलेले शरीर, त्यातून काढलेले काही तरी मौल्यवान: कथेचा सांगाडा १८९६ चाच होता. एक फरक मात्र मुलांनी बोलून दाखवला पाहिजे. आर्थर रोडवर कामगार एका सत्ताधारी यंत्रणेवर चालून गेले होते आणि त्यांच्या रागामागे खरी सक्ती होती. राईनपाड्यात मारले गेलेले पाचही जण गावातल्या कोणाहीपेक्षा दुबळे होते आणि त्यांनी कोणाचेही काही बिघडवले नव्हते. अफवेला बळी पडणारे प्रत्येक वेळी पीडितच असतात असे नाही, हे समजल्याशिवाय आधीची सहानुभूतीही अर्धवट राहते.

मूल्यमापनासाठी लेखी परीक्षेपेक्षा घरचा अभ्यास उपयोगी पडतो. प्लेगच्या वर्षांत आपले कुटुंब किंवा गाव कोठे राहिले याची काही आठवण सांगितली जाते का, हे मुलांनी आजी-आजोबांना विचारून लिहून आणावे. मिळालेल्या प्रत्येक वाक्यापुढे सांगणाऱ्याने ते स्वतः पाहिले, कोणाकडून ऐकले की अंदाजाने सांगितले, याची नोंद करावी, आणि ते तपासायचे झाल्यास काय शोधावे लागेल हे एका ओळीत लिहावे: जन्ममृत्यूची नोंदवही, जुन्या शाळेचे हजेरीपत्रक, गावाबाहेरच्या माळाचे नाव, देवळातला शिलालेख. गुण देताना आठवण खरी निघाली की खोटी, हे पाहू नये. नोंद नेमक्या कप्प्यात केली आहे का आणि तपासण्याचा मार्ग खरोखर चालण्याजोगा आहे का, एवढेच पाहावे. ‘सिद्ध झाले नाही’ असे लिहून त्याचे कारण देणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण द्यावेत.